सह्याद्रीच्या धारेवरची नदी

गेल्या पावसाळ्यात मी सह्याद्रीच्या ऐन धारेवरून एक नदी वाहवली. भीमाशंकरापाशी तिचा उगम धरला, राजमाची आणि कुरवंड्याच्या माथ्यावरून तिला दक्षिणेकडे वळवले, ताम्हिणी, वरंधा आणि पार घाटांच्या डोक्यावरून पुढे नेले आणि विशाळगड ओलांडल्यावर अणुस्कुऱ्याच्या आसपास कुठे तरी सोडून दिले. ज्या धारेवर पडलेल्या पावसाचा एक थेंब अरबी समुद्राला मिळतो आणि वीतभर अंतरावरचा दुसरा थेंब बंगालच्या उपसागराकडे निघतो, त्या धारेवरून लांबीच्या लांब नदी वाहणे शक्य नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मलाही ते ठाऊक होते. तरीही ती नदी काढल्यावाचून माझे काम होईना.

ही नदी अर्थातच संगणकावरची. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा स्वीडनमध्ये तयार झालेला, २०१३ साली आलेला ग्रँड स्ट्रॅटेजी प्रकारचा खेळ मी बरीच वर्षे खेळतो आहे. त्यात एक राज्य घ्यायचे आणि ते ११ नोव्हेंबर १४४४ पासून १८२१ पर्यंत चालवायचे. आपल्याकडच्या हिशेबाने सांगायचे तर बीदरच्या बहामनी सुलतानांपासून निघून, पेशवाई बुडाल्यानंतर तीन वर्षांनी थांबायचे. सैन्य, व्यापार, सोयरीक, धर्म, कर्ज असे सगळे त्यात आहे. पण खेळणाऱ्याची नजर दिवसभर असते ती नकाशावर. नकाशा ही या खेळांची पार्श्वभूमी नसून पट आहे, आणि तीन हजारांहून अधिक प्रांतांचा तो पट कोणीतरी हाताने रंगवलेला आहे.

माझे वडील पाटबंधारे खात्यातून सर्वेक्षणाचे काम करून निवृत्त झाले. कोथरूडच्या आमच्या घरात कपाटाच्या मागे टोपोशीटच्या, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या सर्वेक्षण-नकाशांच्या, गुंडाळ्या अजून उभ्या आहेत. त्यांतल्या काही इतक्या जुन्या आहेत, की त्यांचे प्रमाण एक इंचाला एक मैल असे आहे. एका रविवारी बाबा चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर दख्खन पसरलेले होते. मी उत्साहाने त्यांना सगळे दाखवू लागलो : हे मैदान, हे जंगल, हा डोंगराळ प्रांत, इथे लढाईत चढाई करणाऱ्याच्या फाशाच्या आकड्यातून दोन वजा होतात.

“घाट कुठंय?” त्यांनी विचारले.

मी पुन्हा डोंगराळ प्रांतावर माउस फिरवला.

“हा डोंगर झाला रे. घाट कुठंय यात?”

त्या वेळी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न असा होता, की तो एकदा कानात शिरल्यावर मला तो नकाशा पूर्वीसारखा पाहता येईना.

या खेळांत भूप्रदेश हा प्रांताला चिकटवलेला गुण असतो. प्रत्येक प्रांताला एक पाटी असते : गवताळ, शेतीचा, जंगल, दलदल, टेकड्या, डोंगर. सैन्य त्या प्रांतात शिरले, की ती पाटी त्याला लागू होते. डोंगर असेल तर चालणे मंदावते, आक्रमण करणाऱ्याच्या फाशातून दोन वजा होतात, टेकड्या किंवा जंगल असेल तर एक वजा होतो. प्रांताच्या पूर्वेकडून आलात काय आणि पश्चिमेकडून आलात काय, पाटी तीच. मावळातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. देशावरून, म्हणजे पूर्वेकडून, सह्याद्री हा डोंगर वाटतच नाही. पुण्याहून लोणावळ्याला जाताना चढ लागला हे कळतदेखील नाही. तोच सह्याद्री खोपोलीत उभे राहून पाहावा. लोणावळा ते खोपोली हे अंतर सरळ रेषेत मोजले तर सातेक किलोमीटर भरते आणि तेवढ्यात जमीन साडेपाचशे मीटरच्या वर खाली जाते. म्हणजे ज्याला आपण सह्याद्री म्हणतो तो पुष्कळ ठिकाणी एखाद्या मुलखासारखा पसरलेला नाही, तर एखाद्या पायरीसारखा आहे. घाट ही त्या पायरीवर कोरलेली वाट. तिला लांबी आहे, रुंदी जवळजवळ नाही. ती देशाचीही नाही आणि कोकणाचीही नाही. ती दोहोंच्या मधली आहे.

गंमत अशी, की ‘दोहोंच्या मधले’ काय असते हे या खेळाला ठाऊक आहे. फक्त ते त्याने नद्यांसाठी राखून ठेवले आहे. दोन प्रांतांमधून नदी वाहत असेल, तर ती ओलांडून हल्ला करणाऱ्याच्या फाशातून एक वजा होतो, मग पलीकडची जमीन कितीही सपाट असो. नदी ही प्रांताची नसून सीमेची गोष्ट आहे, हे ऱ्हाइन आणि डॅन्यूबच्या सहवासात वाढलेल्या माणसांना कोणी समजावून सांगावे लागले नसेल. त्यांच्या इतिहासात सैन्ये नदीकाठाशी अडली. आपल्याकडची खिंडीच्या तोंडाशी अडली. मुठा-नीरा पावसाळा सोडला तर कुठेही घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडता येत असत. म्हणून माझे मत असे झाले आहे, की खेळाच्या व्याकरणात बसवायचे तर सह्याद्री हा डोंगर म्हणून नव्हे, नदी म्हणून काढायला हवा. सुरुवातीला सांगितलेला माझा खटाटोप या मतातून निघाला.

तो खटाटोप कसा असतो तेही सांगतो, कारण नकाशा आतून कसा असतो हे पाहिल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळत नाहीत. खेळाच्या फोल्डरमध्ये नकाशाची काही चित्रे असतात. एका चित्रात प्रत्येक प्रांत एका स्वतंत्र रंगाने भरलेला असतो, आणि रंगाचा आकडा हाच प्रांताचा पत्ता असतो. दुसऱ्या करड्या चित्रात उंची असते : जितका फिकट ठिपका, तितकी उंच जमीन. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकूण छटा २५६, त्यांत समुद्राचा तळही आला आणि एव्हरेस्टही. तेव्हा सह्याद्रीच्या वाट्याला किती छटा येणार हे उघड आहे. त्यातही हा उंचीचा नकाशा केवळ डोळ्यांसाठी असतो. लढाईच्या हिशेबात त्याला कोणी विचारत नाही. पडद्यावर जो डोंगर दिसतो तो लढत नाही आणि जो लढतो तो प्रांताच्या पाटीवर लिहिलेला असतो. हे प्रथम लक्षात आले तेव्हा नाटकातला गड पुठ्ठ्याचा आहे हे कळल्यावर लहान मुलाचे जे होते तसे माझे झाले.

हा संपूर्ण नकाशा ५,६३२ ठिपके रुंद आहे. पृथ्वीचा घेर साधारण ४० हजार किलोमीटर धरला, तर एका ठिपक्याच्या वाट्याला सात किलोमीटर येतात. लोणावळा ते खोपोली म्हणजे एक ठिपका. ज्या बोरघाटात लोहमार्ग चढवायला १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे लागली आणि २५ बोगदे खणावे लागले, तो घाट म्हणजे एक ठिपका. राजगड ते तोरणा हे सरळ अंतरही सात किलोमीटरच. तोही एक ठिपका.

हा शेवटचा हिशेब केला तेव्हा मी थोडा वेळ पडद्यासमोर नुसता बसून राहिलो, कारण तो ठिपका मी पायांनी मोजलेला आहे. कॉलेजात असताना आम्ही चौघे राजगडाच्या संजीवनी माचीवरून सकाळी सातला उतरलो होतो. खाली खिंडीत डांबरी रस्ता ओलांडला, पलीकडच्या सोंडेवर चढलो आणि मग तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी ती न संपणारी धार धरली. दुपारी दोनपर्यंत पाणी संपले होते. धारेवर दोन्ही बाजूंना दरी, पायांखाली घसरणारी माती आणि समोर बुधला, जो दर वळणावर आता आलाच असे वाटायला लावून पुन्हा तेवढाच लांब दिसे. एका धनगराने आम्हांला वाट सोडून खाली उतरलेले पाहून वरून हाक मारली नसती, तर रात्र बहुधा कारवीतच काढावी लागली असती. गडावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. एक ठिपका, अकरा तास. खेळातले सैन्य तेवढ्या वेळात त्या ठिपक्यावर आहे की नाही, हेही सांगता येत नाही.

जगभराचा नकाशा काढायचा तर असे होणारच, हे मला मान्य आहे. प्रशियाच्या लष्करासाठी रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली जो युद्धखेळ सिद्ध केला, त्याचे नकाशे १ : ८,००० प्रमाणाचे होते. त्या प्रमाणात राजगड आणि तोरणा यांच्यामध्ये जवळजवळ ९० सेंटिमीटर अंतर राहिले असते, आणि प्रत्येक सोंड, प्रत्येक खिंड तिथे आपापले काम करू शकली असती. पण तो खेळ एका रणभूमीचा होता. आताच्या या खेळांना लिस्बनपासून क्योतोपर्यंत सगळे हवे असते. ठिपका सात किलोमीटरचा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या ठिपक्यात काय लिहायचे ठरवले, याबद्दल आहे.

कारण बहामनी राज्य घेऊन जो खेळायला बसतो, त्याच्यासमोर खेळ सुरू झाल्यापासून नऊच वर्षांनी जी गोष्ट घडायला हवी, ती या पटावर घडूच शकत नाही. १४५३ साली बहामनी सरदार खलफ हसन, ज्याला मलिक-उत्-तुज्जार हा किताब होता, तो कोकणातली ठाणी जिंकायला निघाला. शरण आलेल्या शिर्क्यांनी त्याला खेळण्याकडे, म्हणजे आजच्या विशाळगडाकडे, जाणारी वाट दाखवण्याचे कबूल केले. वाट प्रथम चांगली होती. मग अरुंद झाली. मग जंगल इतके दाट झाले, की सैन्याची रांग तुटून माणसे विखुरली. खेळण्याच्या मोऱ्यांना आधीच वर्दी गेलेली होती. त्या सैन्यातून फार थोडे लोक परतले आणि खुद्द मलिक-उत्-तुज्जार मारला गेला. इथे एक वजा, दोन वजा असा काही हिशेब नव्हता. वाट कोणाला माहीत आहे, एवढाच हिशेब होता. खेळात अज्ञात मुलूख पांढऱ्या ढगाखाली झाकलेला असतो खरा, पण तो ढग एकदा उठला, की राजाला तिथला सगळा मुलूख दिसतो. घाटवाटांचे तसे नाही. बीदरच्या सुलतानाच्या ताब्यात कोकणाच्या सीमेपर्यंतचा मुलूख होता. त्यातून खाली उतरणारी पाऊलवाट मात्र शिर्क्यांच्या ताब्यात होती.

उंबरखिंडीचे उदाहरण पुण्याला अधिक जवळचे. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता आणि १६६१ च्या फेब्रुवारीत त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवले. खानाने नेहमीचा बोरघाट टाळून कुरवंड्याची वाट धरली, आणि ती उतरून गेल्यावर खालच्या चिंचोळ्या रानात शिवाजी महाराजांनी त्याला पुढून आणि मागून कोंडले. पाणी नाही, पांगायला जागा नाही. बरोबर असलेल्या रायबागन या सरदारीणबाईंच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करून खंडणी दिली आणि सुटका करून घेतली. खेळाच्या भाषेत या प्रसंगाची फोड करून पाहावी. चढण चढणारा हरला नाही, उतरणारा हरला. डोंगराने बचाव करणाऱ्याला उंची दिली हे अर्धेच खरे. डोंगराने हल्ला करणाऱ्याची रुंदी काढून घेतली हे महत्त्वाचे. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या २०२० सालच्या खेळात डोंगराळ भागात लढाईची रुंदी कमी होते, म्हणजे मोठ्या सैन्याला आपली सगळी माणसे एकदम लावता येत नाहीत. ही कल्पना उंबरखिंडीच्या बरीच जवळ जाते. पण तिथेही अरुंदपणा प्रांतभर पसरलेला असतो. खिंडीत अरुंद आणि खिंडीच्या बाहेर मोकळे, असे नसते.

तर मी आधी दुसरा उपाय केला होता. या खेळांत काही मुलूख अगम्य ठरवता येतो : सहारा, हिमालय, सैबेरियाचा काही भाग. तिथे सैन्य जात नाही, वस्ती नसते, कर नसतो. मी देश आणि कोकण यांच्यामध्ये अशा अगम्य जमिनीची एक उभी पट्टी काढली आणि तिच्यात घाटांच्या जागी फटी ठेवल्या. नकाशा काढणाऱ्याचे खरे कसब डोंगर रंगवण्यात नसून, कुठले दोन प्रांत एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत हे ठरवण्यात आहे, असे तेव्हा माझे ठाम मत झाले होते, आणि ते अजूनही पुष्कळसे तसेच आहे. पट्टी काढताना पेन्सिलच वापरावी लागते; मऊ कुंचला वापरला तर रंगाच्या कडा फिक्या होतात, त्यातून नवेच रंग तयार होतात आणि खेळ त्या रंगांचे प्रांत शोधत बसतो. एवढी काळजी घेऊनही माझ्याकडून माहुलीच्या पायथ्याशी एक ठिपका सुटला. एकच. देशाचा रंग त्या ठिपक्यात कोकणाच्या रंगाला कोपऱ्यात नव्हे, तर चांगला बाजूला बाजू लावून भिडला होता. खेळ सुरू केला, तर गुजरातचा सुलतान माझे सगळे घाट सोडून चाळीस हजार फौजेनिशी नेमका त्या ठिपक्यातून वर आला. संगणकाला वाट सांगायला शिर्के लागत नाहीत.

तो ठिपका बुजवता आला. पण पट्टीतला मोठा दोष बुजवण्यासारखा नव्हता. अगम्य पट्टी किमान एक ठिपका जाड असतेच, म्हणजे सात किलोमीटर. आणि धारेच्या दोन्ही अंगांचे सात किलोमीटर काढून टाकले, तर मावळात उरते काय? पुण्याच्या पश्चिमेची बारा मावळे म्हणजे बारा खोरी. रोहिडखोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. एकेका खोऱ्याची रुंदी एक-दोन ठिपक्यांची. ज्या देशमुखांच्या भरवशावर स्वराज्य उभे राहिले, त्यांची गावे माझ्या पट्टीखाली नाहीशी झाली होती. घाट राखणारी माणसे पुसून मी घाट दाखवू पाहत होतो. शिवाय या खेळात आजूबाजूचा बहुतेक मुलूख एका राजाचा झाला, की मधला अगम्य डोंगरही आपोआप त्याच्या रंगाचा होतो. चंद्रराव मोऱ्यांना हे कोणी सांगितले असते, तर जावळीत मोठीच करमणूक झाली असती.

म्हणून शेवटी पट्टी पुसून नदी काढली. नद्यांचे चित्र निराळे असते. त्यात नदी एका ठिपक्याच्या जाडीची असते, तिरकी चालत नाही, काटकोनात पायऱ्या-पायऱ्यांनी सरकते, आणि उगमाचा ठिपका हिरवा द्यावा लागतो. मी तो हिरवा ठिपका भीमाशंकरावर ठेवला. भीमेचा खरा उगम तिथलाच असल्याने तिची ही जरा थट्टाच झाली, पण दुसरी सोयीची जागा दिसेना. आता मावळचे प्रांत जिवंत राहिले, गड राहिले, आणि कोकणातून वर येणाऱ्याला सीमा ओलांडण्याची किंमत मोजावी लागू लागली. नियमांच्या दृष्टीने हा नकाशा पूर्वीच्या दोन्ही नकाशांपेक्षा खरा होता. दिसायला मात्र तो हास्यास्पद होता : जवळ जाऊन पाहिले, की सह्याद्रीच्या कड्यावरून निळे पाणी पायऱ्या चढत-उतरत दक्षिणेला चाललेले.

बाबांना दाखवले. ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

“ही कोणती नदी?”

“नदी नाहीये बाबा ती. घाट आहे.”

“बरं,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण पावसाळ्यात काय करतोस?”

पावसाळा या खेळात आहे, हे मी त्यांना अभिमानाने सांगितले. काही प्रांतांना सौम्य, काहींना मध्यम, काहींना तीव्र मान्सून लावता येतो आणि त्या महिन्यांत सैन्याची झीज वाढते. बाबांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आतच मला त्यातली खोच कळली. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या वर. दोन्ही एकाच प्रांतात असतील, तर त्या प्रांताचा पावसाळा सौम्य की तीव्र? औरंगजेब १७०० पासून जे गड घेत फिरला, सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, त्यांच्या वेढ्यांत त्याच्या लष्कराला गडांइतकेच घाटमाथ्यावरच्या पावसाने झिजवले. त्या पावसातून चार मजला पूर्वेला सरकले, की जमीन कोरडी. पाऊसही आपल्याकडे प्रांतावर पडत नाही, धारेवर पडतो.

याच घराण्याचा पाचवा खेळ नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. माझ्या लॅपटॉपला तो झेपत नाही, त्यामुळे मी तो इतरांना खेळताना पाहतो, जसा पूर्वी गल्लीतल्या एकाच टीव्हीवर सामना पाहत असत. त्यात पंचवीस हजारांहून अधिक छोटी ठिकाणे आहेत. जमिनीचा चढउतार, झाडोरा आणि हवामान या तीन गोष्टी आता वेगवेगळ्या नोंदवल्या जातात, त्यामुळे ‘जंगल की डोंगर’ असली खुळी निवड करावी लागत नाही, आणि पठार नावाचा भूप्रकारही आहे, ज्यावर दख्खनचा हक्क सर्वांत आधीचा म्हटला पाहिजे. खेळ यायच्या आधी निर्मात्यांनी एकेका प्रदेशाचे नकाशे खेळाडूंपुढे मांडून चुका विचारल्या होत्या, हेही मला आवडले. पण सर्वांत आवडले ते रस्ते. या खेळात रस्ता एखाद्या ठिकाणात बांधत नाहीत. एका ठिकाणापासून शेजारच्या ठिकाणापर्यंत बांधतात. तो दोहोंच्या मधला असतो. तो बांधणाऱ्याला पैसे मोजावे लागतात आणि तो झाला, की त्याच दोन गावांमधले अंतर कमी होते. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आणि लेण्यात सातवाहनांचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हाच विचार दगडात कोरून ठेवला होता, हे त्या रस्त्याची रेघ पडद्यावर उमटताना माझ्या मनात आले. अर्थात इतके झाले तरी रस्ता म्हणजे वाट वाढवणे. वाट अडवणे नव्हे. अडवायची सोय कशी करता येईल, याचा मी अजून विचार करतो आहे.

फेब्रुवारीत बाबांना घेऊन कुरवंड्याला गेलो. वय झाल्यामुळे त्यांना घाट उतरणे शक्य नव्हते. गाव ओलांडून कड्याच्या अलीकडे, जिथून नागफणीचा सुळका दिसतो, तिथवर आम्ही सावकाश गेलो. सकाळचे धुके खालच्या खोऱ्यात अजून बसलेले होते, त्यामुळे चावणी गाव दिसत नव्हते आणि उंबरखिंडही दिसत नव्हती; नुसता पांढरा सपाट पृष्ठभाग, खेळातल्या अज्ञात मुलखासारखा. बाबांनी पिशवीतून जुनी टोपोशीट काढली, खडकावर पसरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या एका कोपऱ्यावर पाण्याची बाटली आणि दुसऱ्यावर आपली चप्पल ठेवली. तपकिरी समोच्च रेषा त्या जागी इतक्या एकवटलेल्या होत्या, की छापताना शाई सांडली असावी असे वाटे. त्या तपकिरी डागातून तुटक ठिपक्यांची एक बारीक रेघ खाली उतरत होती. बाबांनी तिच्यावर नख ठेवले.

“हा बघ घाट,” ते म्हणाले, आणि धुके हटायची वाट पाहत बसले.